पोवळ्याचं न्हाण

शिमग्याला गावी येताना माणसं काय आणतात? फरसाण आणतात, साड्या आणतात, फार झालं तर मिक्सर आणतात. साळूबाईच्या धाकट्या सुनेनं, अपेक्षानं, यंदा समुद्राचा तुकडा आणला.

लग्नानंतरचा तिचा हा पहिला शिमगा. नवरा विनीत मुंबईत नोकरीला. दोघांनी सरळ महाडवरून घरी यायचं की नाही? पण नाही. मित्राची गाडी मागून घेतली, आधी हरिहरेश्वरला जाऊन समुद्र बघितला आणि मग वरंधच्या वरच्या अंगाला असलेल्या आपल्या वाडीत उगवली. ओसरीवर पाय ठेवल्या ठेवल्या अपेक्षानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू सासूच्या हातावर ठेवली. मुठीहून थोडी मोठी, वेडीवाकडी, अंगभर बोटांसारखी टेंगळं, आणि रंग असा लालभडक नारिंगी की दारावरचं झेंडूचं तोरण त्याच्यापुढे शिळं वाटावं.

"आई, भरती ओसरल्यावर वाळूत मिळालं. खडकाजवळ. काय असेल हो?"

साळूबाईनं ते डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं. विनीतला मंगळ होता म्हणून त्याच्या बोटात पोवळ्याची अंगठी होती. तिच्यातल्या गव्हाएवढ्या खड्याकडे तिनं पाहिलं, मग हातातल्या ऐवजाकडे पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"पोवळं हाय गो हे! एवढं मोठं पोवळं कुणाच्या सात पिढ्यांत बघितलं नसेल. समुद्रानं पोरीच्या ओटीत टाकलं बघा!"

झालं! वाडीत बातमी पसरायला मोबाईल कशाला हवा, शेजारची रंगूबाई होती. दिवे लागायच्या आत निम्मी वाडी ओसरीवर. जो येई तो पोवळं बघे, मग अपेक्षाकडे बघे आणि म्हणे, "लक्ष्मीच्या पायांची सून मिळाली, साळूबाय." आणि या सगळ्यांना चहा कोण करत होतं? उज्वला. थोरली सून. सासूचे गुडघे गेल्यापासून घर, गोठा, भाताची लावणी, देवाधर्माचं, सगळं जिच्या डोक्यावर होतं ती. तिच्या पायांबद्दल कुणी काही बोललं नाही. तिच्या पायांना भेगा होत्या, एवढंच.

कपांचा ट्रे ठेवताना उज्वलानं त्या वस्तूचा वास घेतला आणि नाक मुरडलं. "आई, ह्याला सुकटीचा वास येतोय."

"तुझ्या नाकालाच मिरच्या झोंबल्यात," साळूबाई सगळ्यांदेखत म्हणाली. "पोवळ्याला कधी वास येतो काय? जळकी मेली!"

सगळे हसले. अपेक्षा तेवढी हसली नाही, आणि उज्वलाला त्याचाच जास्त राग आला. चांगली दिसायची एकही संधी सोडत नाही ही बया, तिच्या मनात आलं.

तरी तिनं ते गिळलं असतं. गिळायची सवयच होती म्हणा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या थापताना साळूबाई चुलीपाशी येऊन बसली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "उज्वला, उद्या पालखी येईल तेव्हा अवंदा ओटी अपेक्षा भरेल हां. तिच्या पायगुणानं पोवळं घरात आलंय."

उज्वलाचा हात तव्यावर तसाच राहिला. शिमग्यात गावदेवी काळकाईची पालखी घरोघर येते. दारात आली की तिची ओटी भरायची ती घरच्या थोरल्या सुनेनं. वर्षातून तेवढा एकच क्षण असा असे की ढोल थांबत, सगळी वाडी गप्प उभी राही आणि सगळे उज्वलाच्या हातांकडे बघत. दागिना म्हणा, हौस म्हणा, तिचं स्वतःचं असं काय ते तेवढंच होतं. तेही आता त्या दगडापायी जाणार!

"बरं," ती म्हणाली. भाकरी करपली.

त्या दुपारी सासू आणि धाकटी देवळात गेल्या, घर रिकामं झालं. पोवळं देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या शेजारी, हळदीकुंकू लावून बसवलेलं. उज्वलानं ते उचललं. फेकायचंच होतं तिला, शेणखताच्या खड्ड्यात. पण फेकायच्या आधी त्यात काहीतरी खोट सापडावी, असं तिला फार वाटत होतं. ती उजेडात जाऊन बसली. त्याला एवढ्या जवळून अजून कुणीच पाहिलं नव्हतं, अगदी जिनं आणलं तिनंही नाही. कौतुकानं माणूस एकदा बघतो, हेव्यानं दहादा बघतो. अंगभर सुईच्या टोकाएवढी भोकं. टेंगळांच्या शेंड्यांवर मात्र मसुरीएवढं एकेक मोठं भोक. एका बाजूला टवका उडालेला, तिथं आतून रंग फिका, पिवळट. बोटानं दाबलं तर कुरकुरलं. आणि पदराला घासलं तिथं अगदी बारीक कुसळं चिकटली. पोवळं म्हणे! दगडाला कुठं कुसळं असतात? पण हे सांगायचं कुणाला? परत जळकी म्हणून घ्यायचं? तिनं ते मुकाट जागेवर ठेवलं आणि लाकडांसाठी रानाची वाट धरली.

रानात या दिवसांत खाजकुयली वाळलेली असते. तपकिरी, मखमली, दिसायला गोजिरवाणी शेंग. वाऱ्यानं तिचे केस उडून अंगावर आले तर माणूस कपडे फाडायचा बाकी राहतो. शिमग्यात उनाड पोरं ती एकमेकांच्या मानेत टाकतात आणि आयाबहिणींच्या शिव्या खातात. उज्वला त्या वेलापाशी थांबली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग सागाच्या पानानं एक शेंग अलगद तोडली, दुसऱ्या पानात गुंडाळली आणि वर वेल बांधला. घरी खुंटीवर अपेक्षाची मोरपंखी साडी टांगलेली होती, पालखीच्या वेळी नेसायची. पदराच्या घडीत चिमूटभर, बस. मग बघू या ओटी कशी भरते ते! सगळ्या वाडीसमोर नाचेल!

एवढा विचार करून तिला इतकं बरं वाटलं की मोळीचं ओझंही लागलं नाही. पुडी तिनं न्हाणीच्या मागच्या लाकडांच्या ढिगात खोचून ठेवली. उद्या संध्याकाळी बघू म्हणाली.

पण उद्याची सकाळ वेगळीच निघाली.

देवी घरात यायच्या आधी घरातल्या देवांना न्हाऊ घालायचं. साळूबाईच्या हिशेबी पोवळंही आता देवच झालेलं. ती पाटावर बसली, अपेक्षाला शेजारी बसवलं. "उज्वला, ताम्हनात पाणी आण."

उज्वलानं पाणी आणून ठेवलं आणि चुलीकडे वळली. अपेक्षानं पोवळं पाण्यात सोडलं. बाळकृष्णाला चोळावं तसं दोन्ही हातांनी चांगलं चोळचोळून न्हाऊ घातलं. साळूबाईनं तेच पाणी फुलानं सगळ्या देव्हाऱ्यावर शिंपडलं, थोडं तिच्या मनगटावरून ओघळलं. आणि मग अपेक्षा हात झटकायला लागली. आधी हळू, मग जोरात. मग किंचाळली.

"आई गं! आग होतेय! हात पेटले माझे!"

तळवे लालबुंद, बोटांच्या बेचक्यांत गांधी उठलेल्या. साळूबाईही मनगट खाजवायला लागली. गलका ऐकून रंगूबाई धावत आली, तिनं ते हात बघितले आणि वाडीतल्या कुठल्याही बाईनं केलं असतं तेच निदान केलं.

"खाजकुयली हाय गो बाय ही! दुसरं काय नाय!"

मग साळूबाईनं हळूच विचारलं, "पाणी कुणी आणलं?"

आणलं होतं उज्वलानं.

"काल ही रानात गेलती," रंगूबाई म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"मी पाण्यात काय टाकलं नाय!" उज्वला ओरडली. खरं तेच बोलत होती, पण तिचं तोंड मात्र चोराचं झालं. ढिगातली पुडी तिला आठवत होती. "देवाशपथ सांगते, मी काय नाय टाकलं!"

"देवाचं नाव घेऊ नको तू! सख्ख्या जावेच्या वाईटावर टपलीस! तुझ्या हातची ओटी आता देवी या जन्मात घेणार नाय."

"आई, ताईंनी काही केलं नसेल," अपेक्षा रडता रडता म्हणाली.

आता गोड बोलून आणखी माझा गळा काप, उज्वलाला वाटलं.

तेवढ्यात तिचा नवरा सहदेव औद्योगिक वसाहतीतली रात्रपाळी करून दारात आला. हातात हेल्मेट, डोळे झोपेनं लाल. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बायकोला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "उज्वला, खरं सांग. टाकलीस काय?"

सासूचं बोलणं सोसवतं, शेजारणीचं सोसवतं. हे नाही सोसवलं. "तुम्ही पण?" एवढंच ती म्हणाली.

विनीतनं अपेक्षाला महाडला डॉक्टरकडे न्यायला गाडी काढली. उज्वलानं चिमट्यानं ते पोवळं उचललं, प्लास्टिकच्या डब्यात घातलं, झाकण लावलं. "मी पण येते," ती दिराला म्हणाली. "खाज पाण्यात नव्हती, ह्याच्यात हाय. डॉक्टरला दाखवते."

निघण्याआधी ती न्हाणीमागे धावली. पुडी आधी कुठंतरी लांब पुरून टाकायला हवी होती. ढिगात हात घातला. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. पुडी नव्हती. कुणाला सापडली? सासूला? सासूला सापडली असती तर ती पुडी एव्हाना देवळात टांगली असती. मग कुणाला? बाहेर हॉर्न वाजत होता. ती तशीच गाडीत जाऊन बसली आणि महाड येईपर्यंत डबा छातीशी धरून खिडकीबाहेर बघत राहिली.

महाडच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. भिंगातून त्यांनी अपेक्षाचे तळवे बघितले. "काय हाताळलंत?"

"पोवळं," अपेक्षा म्हणाली. "म्हणजे, घरी सगळे पोवळं म्हणतात."

उज्वलानं डबा उघडला. आधी वास बाहेर आला, मग रंग दिसला. डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे सरकल्या. असलं काही त्यांनीही पाहिलं नव्हतं. त्यांच्या ओळखीचे एक सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, त्यांना त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन डब्यावर धरला. सरांनी चष्मा वर केला.

"बारकं काही दिसत नाही हो फोनवर. मी विचारतो, तुम्ही सांगा. कुठं मिळालं?"

"समुद्रकिनारी, खडकाजवळच्या वाळूत," अपेक्षानं सांगितलं.

"भोकं आहेत का? एकसारखी की लहानमोठी?"

अपेक्षानं भोकं बघितलीच नव्हती. तिनं रंग बघितला होता, फोटो काढला होता, वर डोळे मिटून न्हाऊ घातलं होतं.

"बारकी अंगभर," उज्वला म्हणाली. "सुईच्या टोकाएवढी. टेंगळांच्या शेंड्यावर एकेक मोठं, मसुरीएवढं."

"आतला रंग?"

"फिका. पिवळट. एका बाजूला टवका उडालाय ना, तिथं दिसतो."

"वास?"

"सुकटीचा. मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं."

"दाबलं तर?"

"सुकं होतं तेव्हा कुरकुरत होतं. आज भिजलंय तर दबतं आणि परत फुगतं. आणि सर, कापडावर घासलं की कुसळं लागतात. गवताची असतात ना, त्याहून कितीतरी बारीक."

फोनमधून सर हसले. "अहो, एवढं बारकाईनं पाहिलंत? आवड आहे वाटतं?"

उज्वलाचे कान तापले. काय सांगणार होती, की हेव्यानं पाहिलं? अपेक्षा तिच्याकडे बघत होती. घरात कुणी नसतानाच उज्वलानं ते हाताळलं असणार, हे तिच्याही लक्षात आलं.

"हे पोवळं नाही," सर म्हणाले. "स्पंज आहे. समुद्रातला प्राणी. हो, प्राणीच, झाड नाही आणि दगड तर नाहीच. खडकाला चिकटून जगतो, भोकांतून पाणी आत घेतो, खाणं गाळून ठेवतो आणि मोठ्या भोकांतून पाणी बाहेर सोडतो. तुम्ही म्हणता ती कुसळं म्हणजे त्याची हाडं समजा, काचेसारखी. या लाल-नारिंगी रंगात काही जाती आग लावणाऱ्या असतात. नेमकी जात कुसळं सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. पण वाळलेला असेल तर फारसं काही करत नाही आणि पुन्हा भिजवला की पुन्हा आग, हे त्या जातींचं लक्षण. भिजवला कुणी?"

"न्हाऊ घातलं," उज्वला म्हणाली.

"काय घातलं?"

"काही नाही सर, थँक यू," डॉक्टरीणबाईंनी घाईनं फोन ठेवला. मग त्यांनी चिकटपट्टी लावून लावून अपेक्षाच्या हातांतली कुसळं उपटली, हात व्हिनेगरात बुडवले, वर पांढरं मलम थापलं. दोन-चार दिवस झोंबेल म्हणाल्या. उज्वलानं विनीतला सगळं ऐकायला मुद्दाम आत बोलावलं होतं. त्यानं वहिनीकडे बघितलं आणि मान खाली घातली. "सॉरी वहिनी. आईला मी सांगतो."

सुटले! उज्वलाला वाटलं, इथंच बाजारात नाचावं. विनीत औषधं आणायला गेला आणि दोघी जावा गाडीत मागच्या सीटवर बसल्या. आता धाकटीला चार शब्द ऐकवायचे, या विचारानं उज्वला वळली. तेवढ्यात धाकटीच बोलली.

"ताई, सकाळी लवकर जाग आली. म्हटलं, तुम्ही उठायच्या आत न्हाणीची चूल पेटवून ठेवू. लाकडं काढताना एक पानाची पुडी सापडली."

उज्वला पुन्हा खिडकीकडे वळली.

"पानाच्या फटीतून केस दिसत होते. माझं आजोळ पोलादपूरच्या वरच्या डोंगरातलं आहे, ताई. खाजकुयली मी लहानपणापासून ओळखते. काटकीनं उचलून तशीच चुलीत टाकली."

"मग..." उज्वलानं तिच्याकडे बघितलं. "मग हात पेटले तेव्हा सांगितलं का नायस? संशय माझाच आला असेल तुझ्या मनात."

"आला की. वाटलं, मी पुडी जाळायच्या आधीच थोडी काढून ठेवली असेल." अपेक्षानं मलमाचे हात मांडीवर उताणे ठेवले होते, पूजेचं ताट धरल्यासारखे. "पण नक्की ठाऊक नव्हतं. आणि पुडीचं मी बोलले असते तर आईंनी तुम्हाला घरात ठेवलं नसतं."

उज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. शरमेचं होतं, पण सगळंच शरमेचं नव्हतं. आतून कुणीतरी ओरडत होतं, की बघ, इथंही हीच चांगली ठरली! रंगरूप हिचं, साडी हिची, सासू हिची, आणि आता चांगुलपणाही हिचाच! तिच्यासाठी काही शिल्लक ठेवलंच नव्हतं या पोरीनं.

"कुणासाठी होती ती पुडी, विचारणार नायस?"

"नाही," अपेक्षा म्हणाली. "साडी माझी मोरपंखी आहे तेवढी सांभाळा म्हणजे झालं."

विनीत औषधं घेऊन आला, गाडी सुरू झाली.

घरी साळूबाईनं सगळं ऐकलं. खाजकुयली नव्हती, उज्वलाचा दोष नव्हता, हे तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. पण एक शब्द चटकन शिरला. "प्राणी? म्हणजे मेलेलं जनावर? देव्हाऱ्यात सुकी मासळी पुजली काय मी?" तिनं कपाळावर हात मारला, गोमूत्र मागवलं, सगळे देव बाहेर काढले आणि परत धुतले. मग थोरल्या सुनेवर खेकसली, "तुला वास आला होता तर जोरात सांगायचं नाय?" ही साळूबाईची माफी होती. सहदेवनं माफी मागितली नाही, पण झोप मोडून उठला आणि स्पंज डब्यासकट लांब नेऊन पुरून आला. आल्यावर उज्वलासमोर उभा राहिला, काहीतरी बोलायचं होतं, आणि शेवटी पाणी मागून प्याला.

दिवस कलताना ढोल-सनईचा खालूबाजा ऐकू आला. पालखी दारात टेकली. साळूबाईनं खण-नारळ-तांदळाचं ताट उज्वलाच्या हातांत दिलं. मोरपंखी साडी नेसून अपेक्षा मागे उभी होती, दोन्ही हातांवर मलम, वर पिशव्या बांधलेल्या. आणि वाडी कुणाकडे बघत होती? "आगो, धाकटीचे हात बघा, बिचारी," रंगूबाई कुजबुजली आणि सगळ्या माना तिकडे वळल्या. ताट उज्वलाच्या हातात आणि डोळे अपेक्षावर! उज्वलाच्या पोटात तोच जुना निखारा लाल झाला. तो विझलेला नव्हताच.

ती थांबली. "अपेक्षा, पुढं ये."

"माझे हात, ताई..."

"कोपर लाव माझ्या हाताला. तेवढं पुरतं."

दोघींनी मिळून ओटी भरली. उज्वलानं डोळे मिटले, ओठ हलले. दरवर्षी ती मागायची, घर माझ्या हातात राहू दे. यंदा मागणं लहान होतं.

पालखी पुढच्या दाराकडे निघाली तशी साळूबाई जवळ सरकली. "काय मागितलंस गो?"

"खाज जाऊ दे म्हटलं."

"अपेक्षाची?"

"दोघींची."

साळूबाईचा चेहरा एकदम निवळला. तिनं आपलं मनगट पुढं केलं आणि कराकरा खाजवलं. "बरं केलंस, बाय. माझी पण अजून होतेच हाय." अपेक्षानं पटकन तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते, आणि उज्वलानं पदर तोंडात कोंबला.